उसना नमुना

किणीकरांच्या घरी औषधं औषधांच्या कपाटात असत आणि जेवणाच्या टेबलावर मीठ, लोणचं आणि चूर्ण असे. त्यामुळे "याशिवाय आणखी कुठलं औषध घेता का?" असं डॉक्टरांनी विचारो, मुलीने विचारो नाहीतर सरकारी यंत्राने, विद्याधर किणीकर शांतपणे "नाही" म्हणत आणि त्यात तिळमात्र खोटं नसे. लोणच्याशेजारच्या बरणीला कोणी औषध म्हणतं का? ते घरचं होतं. घरचं मोजायचं नसतं.

चूर्ण चारुशीलाबाईंचं. सोनामुखी, ज्येष्ठमध, तुपात परतलेला हिरडा, बडीशेप, सैंधव आणि हिंगाचा खडा. कराडच्या सुखकर्ता कॉलनीत निम्म्या घरांची सकाळ या चूर्णावर पार पडत असे. बाई वर्षातून दोनदा ते करत, आणि चाळणीने चाळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मुलीच्या लग्नातही दिसलं नव्हतं.

विद्याधरराव ड्रॉइंग मास्तर होते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, वय शहात्तर झालं आणि हृदय थकलं. थकलेल्या हृदयासाठी त्यांना दोन मुख्य गोळ्या होत्या. एक अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी, दुसरी डिजॉक्सिन, हृदयाचा ठोका जोरकस करणारी. ही दुसरी फार नाजूक. तिची गुण देणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा अगदी शेजारी-शेजारी, मधली भिंत सामाईक. म्हणूनच 'निरामय ज्येष्ठ योजने'ने किणीकरांच्या घरी आसन बसवून दिलं होतं.

आसन म्हणजे कमोडच. फक्त त्याच्या पोटात नखाएवढी प्रयोगशाळा होती. सकाळच्या पहिल्या लघवीतले क्षार आणि औषधांचे उरलेले अंश ती चहा उकळेपर्यंत वाचून काढी आणि स्वयंपाकघरातल्या गोळीपेटीला कळवी. पेटी त्या दिवसाच्या गोळ्या ठरवी, आपल्या काचेच्या डोळ्याने माणूस त्या गिळतोय ना हे पाही, आणि डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत मात्रा स्वतःच कमी-जास्त करी. पूर्वी हेच काम तीन महिन्यांनी एकदा, रांगेत बसून, सुई टोचून होत असे. आसनाने खरोखरच पुष्कळ म्हातारी माणसं वाचवली होती, हे त्याला शिव्या देणारेही मान्य करत. शिव्या मात्र देत.

लघवी कोणाची हे ओळखायला आधी जनुकं तपासायची असं ठरलं होतं. त्यावर कोणीतरी कोर्टात गेलं आणि संडासाने नागरिकाचं कूळ विचारू नये असा निकाल लागला. मग फ्लशच्या बटणावर अंगठ्याचा ठसा घ्यायचं ठरलं. ज्याचा अंगठा, त्याची लघवी.

आसन आणखी एक काम करी. घरगुती उपायांचे अंश सापडले की लाल खूण. तीन खुणा झाल्या की घर 'असुरक्षित' ठरे आणि पेशंटची रवानगी 'स्नेहछाया'त होई. ती इमारत गावाबाहेर होती. तिथे बाहेरचा कणही आत जात नसे. जोडीदार आजारी असेल तर त्यालाही जागा मिळे. धडधाकट असेल तर त्याने घरी राहायचं आणि भेटीच्या दिवशी काचेपलीकडे बसायचं.

किणीकरांना पहिली खूण चूर्णाची मिळाली. दुसरी पिसाळांच्या नातवाच्या बारशाला, जेवण जड झालं म्हणून लिंबूपाण्यात खायचा सोडा घालून प्यायले त्याची. सोड्यातलं सोडियम अंगात पाणी साठवतं आणि थकलेल्या हृदयाला ते उपसावं लागतं, असं यंत्राने समजावून सांगितलं. दोन्ही वेळा पुण्याहून मुलीचा, मृण्मयीचा, फोन आला.

"बाबा, आता एकच उरली. आईला सोडून तिकडे राहायचंय का?"

"नाही गं."

"मग तोंडावर ताबा ठेवा."

त्यांनी ठेवला. पण ताबा तोंडावर ठेवता येतो, आतड्यांवर नाही. पाणी काढणाऱ्या गोळीने पोट कोरडं पडलं. यंत्राने सुचवलेलं बुळबुळीत सरबत ते निमूट प्यायचे, तरी तिसऱ्या दिवशीही काही घडायचं नाही. घरात बाकी कुठला विषय राहिला नाही. "झालं का?" एवढंच चारुशीलाबाई विचारत, आणि ते मान हलवत.

मार्ग काढला जगन्नाथ पिसाळांनी. पिसाळ पलीकडच्या गल्लीत राहत. एस.टी.तून निवृत्त, पंच्याहत्तर पूर्ण, एकही गोळी चालू नाही, आणि हे समोरच्याने न विचारता सांगायची सवय.

"किणीकर, विरजण संपलं की आपण काय करतो?"

"शेजारून आणतो."

"मग! माझा नमुना उसना घ्या. अंगठा तुमचा, बाकी माझं."

"शी! काहीतरीच काय भावजी," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि पदराने तोंड झाकून हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

"अहो वहिनी, डेपोतले निम्मे लोक हेच करतात. पुरुषाला पुरुषाचं पाहिजे, तेवढंच यंत्र ओळखतं. आणि माझा माल चोख आहे. गोळी नाही, साखर नाही."

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम सुरू झाला. पिसाळ उजाडताना फिरायला म्हणून निघत, चेहरा थोडा ताणलेला, चाल थोडी घाईची. किणीकरांच्या दारात चपला काढून थेट आत. काम झालं की "येऊ द्या!" अशी हाक देत आणि विद्याधरराव आत जाऊन बटणावर अंगठा ठेवत. ते स्वतः मागच्या अंगणातल्या जुन्या संडासात जात. मग तिघं मिळून चहा पीत. टेबलावर चूर्णाची बरणी परत आली. पेटीच्या पडद्यावर हिरवा दिवा लागे. "एवढी चांगली तब्येत माझी कधीच नव्हती," विद्याधरराव म्हणत.

आठवडाभर सगळं सुखाचं होतं. पोट साफ, माणूस प्रसन्न. मग एका सकाळी पेटी बोलली, "हृदयाचं औषध शरीरात पुरेसं पोचत नाही. मात्रा वाढवली आहे. काळजी नसावी."

कोणी काळजी केली नाही. लाल खूण नव्हती ना, मग झालं. खरं तर यंत्राचं काही चुकत नव्हतं. माणूस रोज डोळ्यादेखत गोळी गिळतो आणि लघवीत तिचा मागमूस नाही, याचा अर्थ गोळी आतड्यातून रक्तात जात नसणार. कुठल्याही शहाण्या डॉक्टरने हाच निष्कर्ष काढला असता. ही लघवी पलीकडच्या गल्लीतून चालत येते, हे त्याला कसं कळावं? काही दिवसांनी पेटीने पुन्हा मात्रा वाढवली, आणि पुन्हा सांगितलं की काळजी नसावी.

मग विद्याधररावांची भूक गेली. पानावर बसत, भात कालवत आणि उठत. मळमळायचं. पोटात ढवळायचं.

"पोट साफ नाही पुरतं," चारुशीलाबाईंनी निदान केलं. एक चमचा होता त्याचे दोन केले. ज्येष्ठमधाचा काढाही सुरू केला, आतड्यांना मऊपणा यावा म्हणून. दोन दिवसांनी भूक आणखी मेली, तेव्हा त्यांनी हिरडा वाढवला. नवऱ्याच्या काळजीने त्यांनी इतकं मनापासून कधीच काही केलं नव्हतं.

"चारू, हा कागद पिवळा का आणलास?" एका दुपारी चित्र काढायला बसलेले विद्याधरराव म्हणाले.

"पांढराच आहे की."

"मी जन्मभर मुलांना रंग शिकवले. मला पांढरा कळत नाही होय? आणि हे दूधही पिवळं दिसतंय."

बाईंनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली. कावीळ दिसली नाही. नाडी पाहिली. हळू होती, आणि मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा व्हायचा. पूर्ण मिनिट मोजली. अडतीस भरली. पडद्यावर हिरवा दिवा होता.

त्यांनी मागच्या खोलीत जाऊन डॉक्टर तहसीन बागवानांना फोन लावला. बागवानांकडे योजनेचे बाराशे पेशंट होते आणि त्यांना रोज फक्त लाल झालेल्यांची नावं दिसत.

"डॉक्टर, माझ्या एका मैत्रिणीच्या यजमानांचं विचारायचं होतं."

"बोला काकू."

"जेवण जात नाही, मळमळतं. आणि सगळं पिवळं दिसतं म्हणतात."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "डिजॉक्सिन घेतात का?"

"घेतात."

"आणि घरचं काय घेतात?"

हा प्रश्न असा आजवर कोणी विचारलाच नव्हता. चारुशीलाबाईंनी सगळं सांगितलं, प्रमाणासकट, परतायच्या तुपासकट, एखादीला पाककृती सांगावी तसं.

"काकू, नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या. "ज्येष्ठमध रोज घेतलं की मूत्रपिंडं फसतात. ती मीठ धरून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. सोनामुखीने जुलाबातून जातं, लघवीच्या गोळीने लघवीतून जातं. रक्तात पोटॅशियम कमी झालं की तीच डिजॉक्सिन, तेवढीच गोळी, हृदयाला विष होते. आणि या विषबाधेची सुरुवात कशाने होते? भूक जाते, मळमळतं. लोकांना वाटतं अपचन. मग आणखी चूर्ण देतात. कळतंय?"

"कळतंय."

"तुमच्या मैत्रिणीला म्हणावं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. कुठल्याही क्षणी ठोका थांबेल. तुमच्याकडे नाही ना हे असलं काही?" संगणकाच्या कळा दाबल्याचा आवाज आला. "नाही, तुमचं दिसतंय इथे. आज सकाळचंच आहे. काकांचं पोटॅशियम अगदी पंचविशीतल्या पोरासारखं आहे. छान सांभाळताय."

"हो," चारुशीलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

विद्याधरराव आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते हे फक्त पापण्यांवरून कळत होतं.

"चूर्ण आजपासून बंद," ते म्हणाले. "आपोआप उतरेल. दोन दिवस थांब."

"डॉक्टर म्हणाल्या कुठल्याही क्षणी."

"डॉक्टर असंच बोलतात. चारू, तू बोललीस की तिसरी खूण. मी तिकडे, तू इकडे. मला त्या काचेपलीकडून बघायचं नाही तुला." त्यांनी बाईंचं मनगट धरलं. हात थंडगार होता, पण पकड होती. "इथे काय व्हायचं ते होऊ दे. आपल्या घरात होऊ दे."

"आणि मी काय करायचं? बघत बसायचं?"

"बसायचं. माझ्याजवळ बसायचं. एवढंच मागतोय."

त्या बसल्या. दुपार सरून चार वाजत आले. आता विद्याधररावांचं मनगट बाईंच्या हातात होतं, त्यामुळे प्रत्येक ठोका त्यांना लागत होता आणि जो येत नव्हता तोही लागत होता. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. माणूस जन्मभर काही मागणारा नव्हता. जेवताना मीठसुद्धा स्वतः उठून घ्यायचा.

तेवढ्यात पेटी वाजली. संध्याकाळची गोळी. पेटीने वाटी पुढे केली. वाढलेली मात्रा, वाटीत दोन. विद्याधररावांनी डोळे उघडले आणि सवयीने तोंड उघडून त्या काचेच्या डोळ्याकडे मान वळवली. लहान मूल वळवतं तशी.

चारुशीलाबाईंनी वाटीवर हात ठेवला.

"पेशंटने गोळी घेतलेली नाही," पेटी म्हणाली.

"घेणार नाहीत. तू जे रोज वाचतेस ते यांचं नाही."

"चारू, नको," विद्याधरराव म्हणाले.

"माहिती समजली नाही. कृपया स्पष्ट शब्दांत सांगा."

"लघवी यांची नाही! जगन्नाथ पिसाळांची आहे! हे चूर्ण घेतात, रोज घेतात, मी देते!"

"माहिती समजली नाही. कृपया मोठ्याने सांगा."

तिसऱ्या वेळी बाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या गच्चीवर वाळवण काढणाऱ्या बायका थांबल्या. या वेळी पेटीला समजलं. दिवा लाल झाला. विद्याधररावांनी मनगट सोडवून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दवाखान्यात नेताना गाडीत त्यांचं हृदय दोनदा थांबलं आणि दोनदा चालू केलं गेलं. डिजॉक्सिनवर उतारा असतो. तो साताऱ्याहून मागवला आणि वेळेत आला. डॉक्टर बागवान दोन दिवस फारशा बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या चारुशीलाबाईंच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या. "मी हिरवा रंग पाहिला आणि फोन ठेवू दिला," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या.

मृण्मयी आली ती तोंड फुगवूनच.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"योजनेला कळवलं असतं! दुसरं काय करणार?"

"म्हणूनच," चारुशीलाबाई म्हणाल्या.

निर्णय पंधरवड्यात आला. तिसरी खूण, शिवाय नमुन्याची फसवणूक, म्हणून रवानगी कायमची. पिसाळांना समज देण्यात आली. समज देणारा अधिकारी जाता जाता त्यांना म्हणाला, "काका, रिपोर्ट मात्र एक नंबर आहे हं तुमचा," आणि हे पिसाळ पुढे महिनाभर सांगत होते. कॉलनीत सगळे हळहळले. चूर्णाच्या रिकाम्या वाट्या घेऊन दोघी-तिघी आल्या, त्यांना बाईंनी दारातूनच परत पाठवलं. त्या रागावल्या. त्यांच्या यजमानांचं पोट बाजारातल्या चूर्णाने साफ होत नव्हतं.

स्नेहछायेत भेटीचा दिवस गुरुवार. विद्याधरराव काचेपलीकडे स्वच्छ सदरा घालून बसले होते. गाल भरले होते. आवाज फोनवरून येई.

"कसे आहात?"

"पांढरं पांढरं दिसतंय सगळं. भिंती, गाद्या, जेवण."

"पोट?"

"वेळेवर. इथे सगळंच वेळेवर होतं." मग ते म्हणाले, "मी मागितलं होतं तुझ्याकडे. तू बोललीस."

"बोलले."

"पुन्हा वेळ आली तर?"

"पुन्हा बोलेन," चारुशीलाबाई म्हणाल्या. "आणि पुन्हा इथे येऊन बसेन. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण भिंतीकडे तोंड करू नका."

त्यांनी केलं नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा त्यांनी आपला तळवा काचेवर टेकवला. मग लाज वाटून लगेच काढून घेतला. या पिढीच्या नवऱ्यांना असलं काही चारचौघांत जमत नाही.

बाईंनी आत राहायला मिळावं म्हणून अर्ज केला. आसन आता त्यांच्या अंगठ्यावर नोंदलं गेलं होतं, त्यांचीही सत्तरी उलटली होती. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मूत्रपिंडं उत्तम, क्षार संतुलित, पचन आदर्श. प्रवेशास अपात्र. अभिनंदन. त्यांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा अभिनंदन आलं. जेवण जात नव्हतं, एकटीसाठी कुकर लावायचा म्हणजे हात उचलत नव्हता, पण हे लघवीत उतरत नसे.

एका सकाळी पिसाळ आले. या वेळी चाल घाईची नव्हती. चहा घेतला, कप बशीत ठेवला, परत उचलला.

"वहिनी, एक बोलू? आमची अक्का आलीय गावाहून. थोरली बहीण. तिची दोन्ही मूत्रपिंडं बसलीत. तिकडे योजना नाही, म्हणून इथे दाखवायला आणलीय."

"बरं."

"बाईला बाईचंच लागतं ना. म्हणून म्हटलं." ते कपाच्या आत बघत राहिले. "महिनाभर अक्का येईल सकाळची. अंगठा तुमचा. मग बघा, कसं अभिनंदन येतं ते."

चारुशीलाबाईंनी ओट्याकडे पाहिलं. पेटी ओट्याच्या कोपऱ्यात होती, काचेचा डोळा मिटून.

"भावजी, ती पेटी मला अक्कांच्या गोळ्या द्यायला लागेल."

"लागेल."

"डोळ्यासमोर गिळायला लावेल. मला तर काही झालेलं नाही. चांगल्या मूत्रपिंडांवर त्या गोळ्या काय करतील, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"मी एस.टी.चा माणूस, वहिनी," पिसाळ हळूच म्हणाले. "मला काय ठाऊक?"

बाहेर दूधवाला घंटी वाजवून गेला. बाई उठल्या, दुधाची पिशवी आत आणली, पातेलं विसळलं, दूध तापत ठेवलं. दूध वर येईपर्यंत पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. ते वर आलं तसा त्यांनी गॅस बंद केला.

"उद्या घेऊन या अक्कांना," त्या म्हणाल्या. "चहात साखर किती घेतात त्या?"